‘आवाज भारी आहे’ इथपासून पहिल्या बिलापर्यंत

कॉलेजच्या गॅदरिंगला सूत्रसंचालन केलं, गणपतीत मंडळाचा माइक हातात घेतला किंवा लग्नात मंगलाष्टकं म्हटली, की कुणीतरी हमखास म्हणतं, "तुझा आवाज लई भारी आहे, रेडिओवर जा की." व्हॉइस ओव्हरच्या, म्हणजे माइकपुढे आवाज देण्याच्या, धंद्यात येणारी बहुतेक पोरं-पोरी याच वाक्यावरून येतात. पण भारी आवाज इथे ढिगाने मिळतात. स्टुडिओवाल्याच्या फोनमध्ये खर्जातले पन्नास आवाज आधीच पडलेले असतात. पैसे मिळतात ते वाचनाचे. कागदावर दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य आत्ताच सुचल्यासारखं बोलता येणं हे खरं काम. त्याखालोखाल किंमत शांत खोलीची आणि वेळेवर पोचणाऱ्या फाइलची. पातळ, घोगऱ्या किंवा किनऱ्या आवाजाची माणसं या कामावर घर चालवतात. नुसत्या गोड आवाजाची मात्र सहा महिन्यांत कंटाळून परत जातात.

आधी हे काम कसलं असतं ते पाहू, कारण ‘व्हॉइस ओव्हर’ या एका नावाखाली पाच-सहा वेगळे धंदे आहेत. जाहिरातीत २० ते ३० सेकंदांत एक भाव पोचवायचा असतो. निवेदनात, म्हणजे माहितीपट, कंपनीची फिल्म किंवा शेतकऱ्यांसाठीचा व्हिडिओ असेल तेव्हा, पाच-दहा मिनिटं एकाच पट्टीत न कंटाळवता बोलायचं असतं. ऑडिओबुकात हेच आठ-दहा तास करायचं आणि मधल्या पात्रांना वेगळं ठेवायचं. डबिंगमध्ये पडद्यावरच्या ओठांशी जमवून घ्यायचं. फोनवर ऐकू येणारं ‘हिंदीसाठी दोन दाबा’ हे आयव्हीआर, ते सगळ्यात रुक्ष. अलीकडे आणखी एक प्रकार वाढलाय: संगणकाला मराठी बोलायला शिकवण्यासाठी हजारो सुटी वाक्यं वाचून देणं. त्याबद्दल शेवटी सावधपणे बोलू.

नवख्याने सुरुवात निवेदनापासून करावी. जाहिरातीला गर्दी फार, डबिंगला मुंबई लागते, ऑडिओबुकाला दम लागतो. निवेदनाचं काम आपल्याच जिल्ह्यात मिळतं आणि वाचन त्यानेच सुधारतं.

वाचायचं कसं

हे वाक्य घ्या: ‘आमच्या दुकानात उधार मिळत नाही.’ जोर ‘आमच्या’वर दिला तर शेजारच्या दुकानात मिळत असेल. ‘दुकानात’वर दिला तर घरी या, बघू. ‘उधार’वर दिला तर बाकी सगळं मिळतं. ‘नाही’वर दिला तर कालच कुणीतरी भांडून गेलंय. शब्द तेच, अर्थ चार. स्क्रिप्ट हातात आली की प्रत्येक वाक्यात जोराचा शब्द कोणता ते पेन्सिलीने ठरवायचं, आणि तो शक्यतो एकच ठेवायचा. नवखा माणूस प्रत्येक शब्दावर जोर देतो, त्यामुळे कुठल्याच शब्दाला जोर उरत नाही. प्रचाराच्या रिक्षावरची घोषणा तशी चालते. माइकपुढे चालत नाही.

खुणा साध्या ठेवा. श्वासाला एक तिरपी रेघ, लांब थांब्याला दोन, जोराच्या शब्दाखाली आडवी रेघ, पुढच्या ओळीत न तोडता जायचं असेल तर वळणदार जोडरेघ. लिहिणाऱ्याने स्वल्पविराम टाकला म्हणून तिथे थांबायलाच हवं असं नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे लांब वाक्यात श्वास शेवटाआधीच संपतो आणि ‘आहे’, ‘केलं जातं’, ‘मिळेल’ हे शब्द गिळले जातात. मराठी वाचनातला सगळ्यात मोठा दोष हाच. वाक्याच्या पहिल्या तृतीयांशात आवाज थोडा राखून ठेवला की हा दोष जातो.

दुसरा दोष चालीचा. प्रत्येक वाक्य एकाच ठिकाणी उचलायचं आणि एकाच ठिकाणी खाली आणायचं, अशी बातम्यांसारखी चाल लागते. ती लागली की वाचणाऱ्याला स्वतःला ऐकू येत नाही, ऐकणाऱ्याला मात्र तिसऱ्या वाक्यालाच कळते. मोडायची युक्ती अशी: वाक्याआधी मनात एक प्रश्न विचारा. स्क्रिप्टमध्ये असेल ‘बियाण्याला पेरणीआधी बुरशीनाशक लावा’, तर मनात कुणीतरी विचारलं पाहिजे, "बियाणं तसंच पेरलं तर काय होतं?" त्याला उत्तर म्हणून वाक्य बोला. प्रश्न बदलला की चालही आपोआप बदलते. कुणाशी बोलतोय हेही ठरवा: चुलत्याशी, दहावीतल्या भाचीशी, बँकेत रांगेत उभ्या असलेल्या मावशीशी. ‘सर्व श्रोत्यांशी’ बोलायला गेलं की आवाज सभेचा होतो.

इथे मराठवाड्याचा एक गुण आड येतो. आपल्याकडे आवाजाचं शिक्षण कीर्तन, भारूड, गोंधळ आणि पोवाड्यातून होतं. पैठणला नाथांचं भारूड किंवा तुळजापूरच्या वाटेवर आराध्यांची गाणी ऐकलेल्या माणसाला आवाज ‘फेकणं’ रक्तात असतं. उघड्या मैदानात हजार माणसांपर्यंत पोचायला तो लागतोच. माइक मात्र तोंडापासून एका वीतभर अंतरावर असतो आणि त्याला एकच कान आहे. फेकलेला आवाज तिथे फाटतो. कीर्तनातला दम, ताल आणि पात्रं बदलायची हातोटी ठेवायची, आवाजाचं मोठेपण सोडायचं. स्वयंपाकघरात समोरच्याशी बोलतो तेवढाच आवाज पुरतो.

वेग स्वतःचा मोजा. ३०० शब्दांचा उतारा वाचून घड्याळ लावा. निवेदनात मिनिटाला साधारण १०० ते १३० शब्द सुखाने जातात. ३० सेकंदांच्या जाहिरातीत ६५ शब्दांपेक्षा जास्त असतील तर आधीच कळवा, "दहा शब्द कमी करा, नाहीतर पळावं लागेल." ही सूचना वेळेत करणाऱ्याला लोक लक्षात ठेवतात.

ण, ळ, च आणि बोली

‘पाणी’चं ‘पानी’, ‘लोणी’चं ‘लोनी’, ‘शाळा’चं ‘साळा’ हे घरी बोलताना चूक नाही, ती आपली बोली आहे. पण प्रमाण मराठीच्या कामात तेवढ्यावरून फाइल परत येते. जोड्या घेऊन रोज दहा मिनिटं म्हणा: मन–मण, वेल–वेळ, काल–काळ, शाल–साल. मग आकडे म्हणा, कारण जाहिरातीत आकडे असतातच: एकोणीस, एकोणतीस, पंचेचाळीस, एकोणसाठ, एकोणऐंशी. ‘ण’ आणि ‘ळ’ सुटतात ते इथे.

मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना ते दिसत नाहीत. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झ एक नाही. ‘दहा जण’मधला ज आणि ‘जनगणना’मधला ज वेगळे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, हेही वेगळे. घरी कुणी चुकत नाही, पण कागद समोर आला की जीभ अडखळते. म्हणून शंका वाटेल तिथे अक्षराखाली टिंब द्या. ‘सिंह’, ‘संशय’, ‘संवाद’ यांतले अनुस्वारही मोठ्याने म्हणून पाहा. जीभ मोकळी करायला ‘चटईला टाचणी टोचली’ आणि ‘काळे राळे गोरे राळे’ यांच्याइतकं स्वस्त औषध नाही.

बोली मात्र पुसून टाकू नका. ‘काय करायलास?’, ‘कुठं जायलाय?’ हे लातूर-नांदेडकडचं बोलणं पुण्या-मुंबईच्या नटाला जमत नाही. तो सरसकट गावरान म्हणून भलतंच काहीतरी बोलतो. मालिका, वेब मालिका, शेतीच्या जाहिराती यांत अस्सल बोलीची गरज पडते. हवी तेव्हा लावता आणि हवी तेव्हा काढता आली, की बोली हे कामाचं हत्यार. गावांच्या नावांचंही तसंच. कळमनुरी, वसमत, गेवराई, औंढा, परळी वैजनाथ ही नावं बाहेरचा आवाज हमखास चुकवतो.

हिंदी जमत असेल तर कामं दुपटीने वाढतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथल्या कानांवर दखनी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या आहे. क, ख, ग, फ, ज यांच्या नुक्त्याच्या (उर्दू शब्दांत अक्षराखाली देतात त्या टिंबाच्या) छटा संभाजीनगर-नांदेडच्या माणसाला सहज ऐकू येतात. पण ‘मेरेकू’ची हिंदी आणि स्टुडिओतली हिंदी यांत अंतर आहे. मराठी माणूस पकडला जातो तो ‘है’मध्ये, कारण आपण ‘हय’ म्हणतो. ‘पैसा’ आणि ‘और’ यांतही तेच. ‘ज्ञान’ हिंदीत ‘ग्यान’ होतं, ‘वह’ बोलताना ‘वो’ होतं. देगलूर-बिलोलीकडचे तेलुगू जाणणारे आणि उदगीर-उमरग्याकडचे कन्नड जाणणारे असतील, तर त्यांनी ती भाषा नमुन्यात जरूर ठेवावी.

खोली आधी, माइक नंतर

इथे पैसे सर्वाधिक वाया जातात. माणूस आधी महागडा माइक घेतो आणि तो मोकळ्या, चुन्याच्या भिंतींच्या दहा बाय दहाच्या खोलीत लावतो. चांगला माइक त्या खोलीतली प्रत्येक घाण जास्त स्पष्ट ऐकवतो.

दोन शत्रू आहेत आणि त्यांचे इलाज वेगळे. पहिला म्हणजे बाहेरून येणारा आवाज: रस्ता, कुत्री, भोंगे, बोअरची मोटार, पत्र्यावरचा पाऊस. तो गोधडीने थांबत नाही. त्याला जाड भिंत आणि बंद फटी लागतात. घरातली सगळ्यात आतली, रस्त्यापासून लांबची, स्लॅबची खोली निवडा. दाराखालच्या फटीत गुंडाळलेली चादर दाबा, आणि उरलेल्यासाठी वेळ निवडा. रात्री साडेदहानंतर किंवा पहाटे साडेचारला बहुतेक गावं शांत असतात. मात्र शेतीपंपांची वीज रात्रपाळीला आली तर रात्र मोटारींची असते, तेव्हा फीडरचं वेळापत्रक बघून ठेवा. गंमत अशी, की लोडशेडिंग हा रेकॉर्डिंगचा उत्तम वेळ आहे: पंखे, फ्रिज, मोटारी सगळं बंद, आणि लॅपटॉप बॅटरीवर. इन्व्हर्टर मात्र त्या खोलीत नको, तो गुणगुणतो.

दुसरा शत्रू म्हणजे खोलीतच घुमणारा आपला आवाज. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. मागे ‘टण्ण’ असं शेपूट ऐकू आलं तर खोली घुमते. यावर अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला सर्रास मिळतो. तो सोडून द्या. पुठ्ठा आवाज शोषत नाही. एक इंची फोमही फक्त वरचे, सुळसुळणारे सूर खातो आणि खालचे तसेच ठेवतो, मग आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. कारण सोपं आहे. १०० हर्ट्झच्या, म्हणजे खर्जातल्या, सुराची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते, तिला इंचभर स्पंज म्हणजे काहीच नाही. शोषायला जाडी लागते, आणि ती आपल्या घरात आहे: कापसाची गादी, वाकळ, गोधडी, सतरंजी. भिंतीला चिकटवून टांगू नका. भिंतीपासून चार बोटं पुढे दोरीवर, दुहेरी टांगा. मधली हवाही काम करते.

कुठे टांगायचं यातही चूक होते. बहुतेक जण माइकच्या मागे फोम लावतात. पण या कामाचे माइक समोरचं ऐकतात, म्हणजे तुमचं तोंड आणि तुमच्या पाठीमागची भिंत. पहिली वाकळ तुमच्या पाठीमागे. मग दोन्ही बाजूंना, मग डोक्यावर, खाली सतरंजी. माइकमागे शेवटी. कपड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट पाठीशी घेऊन उभं राहिलात तरी निम्मं काम होतं. कायमचा कोपरा करायचा असेल तर लाकडी चौकटीत ५० मिलिमीटर जाडीच्या रॉकवूलच्या (दगडाच्या तंतूंच्या) दोन लाद्या एकावर एक ठेवून वरून सुती कापड ओढा. हात लावताना मास्क आणि हातमोजे घाला, खाज सुटते.

एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांत पंखा बंद करून गोधड्यांच्या आत उभं राहणं ही शिक्षाच. वीस मिनिटं रेकॉर्डिंग, दहा मिनिटं बाहेर, अशा पाळ्या लावा. घाम आला की आवाज थकतो आणि माणूस वाक्यं पळवायला लागतो.

माइक आणि आकडे

पहिल्या तीन महिन्यांच्या सरावाला फोन पुरतो. विमान मोड लावा, वेव्ह (न दाबलेली) फाइल देणारं ॲप वापरा, फोन पुस्तकांच्या थप्पीवर ओठांच्या उंचीला ठेवा. त्यानंतर काम येऊ लागलं की खर्च करा. यूएसबी माइक थेट लॅपटॉपला लागतो. एक्सएलआर (तीन पिनांच्या केबलच्या) माइकला मध्ये ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी डबी लागते, आणि माइक कंडेन्सर प्रकारचा असेल तर त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर द्यावा लागतो. ते बटण दाबायचं राहिलं की ‘माइक बिघडला’ म्हणून लोक दुकानात परत जातात. कंडेन्सर बारीकसारीक सगळं टिपतो, म्हणून शांत खोलीला चांगला. रस्त्यालगतच्या घरात डायनॅमिक माइक बरा, पण त्याला जवळून बोलावं लागतं. माइक, साधा इंटरफेस, स्टँड, पॉप फिल्टर (तोंडाच्या हवेचा धक्का अडवणारी जाळी) आणि कान झाकणारा बंद हेडफोन एवढं साधारण वीस-पंचवीस हजारांत बसतं. ब्लूटूथ हेडफोन नको, त्यात आवाज उशिरा येतो.

तोंड आणि माइक यांत १५ ते २० सेंटिमीटर ठेवा. माइक ओठांच्या अगदी समोर नको, किंचित बाजूला किंवा कपाळाच्या उंचीवरून खाली कललेला. मराठीत भ, फ, ध, थ, ख अशी हवेची अक्षरं भरपूर. समोर माइक असला की प्रत्येक ‘भाव’ आणि ‘फळ’ यावर ‘भप्प’ असा धक्का बसतो. स्क्रिप्ट डोळ्यांच्या उंचीला लावा. मान खाली घातली की गळा दबतो. कागद सळसळतो, तेव्हा टॅब किंवा फोन बरा.

रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेवा, की सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान यावा. शून्याला टेकला की आवाज कापला जातो आणि तो दुरुस्त होत नाही. फाइल मोनो (एकाच वाहिनीची), २४ बिट. व्हिडिओ आणि डबिंगसाठी ४८ किलोहर्ट्झ, ऑडिओबुकला बहुधा ४४.१. सुरुवातीला दहा सेकंद काही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा, संपादनात जोड द्यायला ती लागते. शांततेची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली असावी. ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीच्या एसीएक्स या व्यासपीठाचा हा दंडक बाकीचेही मापासाठी वापरतात: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८, कमाल उणे ३, शांतता उणे ६० किंवा खाली. ते व्यासपीठ भारतात राहणाऱ्या निवेदकांसाठी खुलं नाही, तेव्हा ‘एसीएक्सवर खातं काढून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.

संपादनाला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. ८० हर्ट्झखालची घरघर काढा, चुका कापा, पातळी सारखी करा, थांबा. नॉइज रिडक्शनचा (मागचा गोंगाट पुसायच्या सोयीचा) हात सैल सोडला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की खोली वाईट होती. तोंडातले ‘चट्‌चट्’ आवाज कोरड्या तोंडाचे असतात. रेकॉर्डिंगच्या तासभर आधीपासून साधं पाणी घोट-घोट प्या. तंबाखू आणि सुपारीची सवय असेल तर ही चटचट कुठल्याही सॉफ्टवेअरने पुरती जात नाही.

आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ऑडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाऊ शकते, आणि समोरचा माणूस तुमच्या माइकला दोष देतो.

नमुना

याला धंद्यात ‘डेमो’ म्हणतात. लांबी ६० ते ९० सेकंद, प्रत्येक भाषेचा आणि प्रत्येक प्रकाराचा वेगळा. ऐकणारा दहा सेकंदांत ठरवतो, म्हणून तुमचा सगळ्यात चांगला तुकडा सुरुवातीला. ‘नमस्कार, मी अमुक, माझी आवड अमुक’ यात ते दहा सेकंद घालवू नका. नाव फाइलच्या नावात लिहा: नाव, मराठी, निवेदन. सिनेनटांच्या नकला नको. नक्कल ही वेगळी कला आहे, आणि ती ऐकून तुमचा स्वतःचा आवाज कसा आहे हे कळत नाही. गाजलेल्या जाहिराती पुन्हा वाचू नका, मूळशी तुलना होते. स्वतः लिहा: ठिबक सिंचन, पतसंस्था, दंतचिकित्सालय, शाळेचा प्रवेश, कारखान्यातली सुरक्षितता. पार्श्वसंगीत अगदी हळू, आणि एक तुकडा संगीताशिवाय, म्हणजे खोली किती शांत आहे ते समोरच्याला ऐकू येईल.

काम कुठे आहे

मुंबईचा फोन यायची वाट बघण्याआधी आसपास बघा. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत, त्यांना हंगामाआधी शेतकऱ्यांसाठी व्हिडिओ लागतात; म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये नमुना पाठवायचा, जूनमध्ये नाही. वाळूजच्या कारखान्यांत नव्या कामगारांना दाखवायच्या सुरक्षिततेच्या फिल्म मराठीत आणि हिंदीत लागतात. लातूर-नांदेडच्या शिकवण्या ऑनलाइन धडे काढतात. रुग्णालयं, पतसंस्था, नगरपालिका, घंटागाडीवरचं आवाहन, निवडणुकीतल्या ध्वनिफिती हे सगळं कुणीतरी वाचलेलं असतं. हे काम थेट मिळत नाही. ते शहरातल्या व्हिडिओ करणाऱ्या आणि जाहिरात छापणाऱ्या छोट्या ऑफिसांतून येतं. अशा वीस ठिकाणांची यादी करा, नमुना द्या, दोन महिन्यांनी नवा नमुना घेऊन पुन्हा आठवण करा. रोज ‘काही काम आहे का’ विचारणारा नको वाटतो.

आकाशवाणीची केंद्रं संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड आणि धाराशिवला आहेत. नैमित्तिक उद्घोषकांची जाहिरात निघते तेव्हा लेखी परीक्षा आणि आवाज चाचणी होते. महिन्याला मोजक्याच ड्युट्या मिळतात, पोट भरत नाही, पण चुका दाखवणारी माणसं तिथे भेटतात. नाटकाची आवाज चाचणी वेगळी असते. संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग हेही सरावाचं ठिकाण: अभिनय न शिकता डबिंगला जाणं म्हणजे पोहायला न शिकता विहिरीत उडी.

ऑडिओबुकात मराठीला चांगली जागा आहे. स्टोरीटेलने २०१७ मध्ये भारतात सुरुवात केली ती मराठीलाही धरूनच. इथे दर बहुधा तयार तासावर असतो, म्हणजे ऐकणाऱ्याला मिळणाऱ्या एका तासावर. तो एक तास तयार करायला नवख्याला वाचन, चुका, संपादन आणि तपासणी धरून सहा-सात तास जातात. दर ऐकताना त्याला या सहा-सातने भागायचं.

डबिंगच्या खोलीत

डबिंगचा बाजार मुंबईत, तोही मुख्यतः अंधेरी आणि आसपास. मराठी प्रेक्षकाला हिंदी कळतं म्हणून मराठी डबिंग वर्षानुवर्षं मोजकंच होतं, आता कार्टून आणि दाक्षिणात्य चित्रपटांमुळे काही वाढलंय.

आत गेल्यावर काय होतं ते आधी माहीत असलेलं बरं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि डबिंग डायरेक्टर असतात. तुमच्या कानात मूळ भाषेतला आवाज, ज्याला पायलट म्हणतात. समोर पडदा आणि कागद. एक-दोन वाक्यांचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो: पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा ओठ हलवायचे, तिसऱ्यांदा टेक, म्हणजे खरं रेकॉर्डिंग. प, ब, म या अक्षरांना ओठ मिटतात, तेव्हा पडद्यावरचे मिटलेले ओठ आणि तुमचा ‘म’ जुळला नाही की लगेच खटकतं. लांबी जुळत नसेल तर गप्प राहून चालत नाही. ‘मी येणार नाही’ ऐवजी ‘नाही येणार मी’ असा फेर सुचवणारा कलाकार पुन्हा बोलावला जातो. धावणं, मार खाणं, धापा, उसासे हेही तुम्हालाच द्यायचे. नवख्याला आधी गर्दीचे आवाज आणि एक-दोन वाक्यांच्या भूमिका मिळतात. तपोवन किंवा देवगिरी एक्सप्रेसने जाऊन एका दिवसाच्या गर्दीकामात तिकीट सुटतं की नाही, हा हिशेब आधीच करा. एका फेरीत चार-पाच स्टुडिओंची आवाज चाचणी जमवली तरच जाणं परवडतं.

पैसे आणि कागद

चाचणीसाठी ३० ते ६० सेकंद वाचून देणं ठीक. ‘पूर्ण स्क्रिप्ट वाचून पाठवा, आवडली तर पैसे’ म्हणजे फुकट काम. नोंदणी फी, ऑडिशन फी, ‘कोर्स करा, काम आमचं’ यांत पैसे देऊ नका. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

दर सांगण्याआधी चार गोष्टी विचारा: किती शब्द, कुठे वाजणार, किती दिवस वाजणार, किती दुरुस्त्या. गावातल्या केबलवर महिनाभर आणि राज्यभर टीव्हीवर वर्षभर, ही एकाच ३० सेकंदांची दोन वेगळी कामं आहेत. तुमचा उच्चार चुकला तर दुरुस्ती फुकट; त्यांनी मजकूर बदलला तर पैसे. हे आधी लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर लिहिलं तरी चालेल. व्यावसायिक मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापला जाऊ शकतो, पॅन दिला नाही तर जास्त. विवरणपत्र भरलं आणि कर लागत नसेल तर तो परत मिळतो. छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. ती असली की एमएसएमई (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करारातही पैसे ४५ दिवसांत देणं बंधनकारक ठरतं. बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला दिसला की काही ऑफिसं आपोआप लवकर पैसे सोडतात.

आता संगणकाला आवाज देण्याचं काम. पैसे बरे दिसतात, पण एकदाच मिळतात, आणि त्यातून बनलेला कृत्रिम आवाज पुढे तुमचीच कामं करू शकतो. करारात ‘कायमस्वरूपी’, ‘सर्व माध्यमांत’, ‘व्युत्पन्न आवाज’ (तुमच्या आवाजावरून बनवलेला), ‘प्रशिक्षणासाठी’ हे शब्द शोधा. नुसतं बोलणं ओळखायला शिकवणारं काम आणि तुमच्याच आवाजाची प्रत बनवणारं काम यांतला फरक स्पष्ट विचारा. दुसऱ्या प्रकारच्या कामाला कित्येक पटींनी जास्त दर हवा, नाहीतर नकार. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची एआयने नक्कल करायला अंतरिम मनाई केली, पण तो प्रसिद्ध व्यक्तीचा दावा होता. नवख्याची ढाल म्हणजे त्याचा करारच. जाहिरातीच्या साध्या कामातही एक ओळ घालून घ्या: हे रेकॉर्डिंग कृत्रिम आवाज तयार करण्यासाठी वापरता येणार नाही.

काम पोचवलं की फाइल पुसू नका. दोन महिन्यांनी फोन येतो, "एक वाक्य बदललंय, तेवढंच पाठवा," आणि ते वाक्य जुन्यात बेमालूम बसलं पाहिजे. सकाळचा आवाज खर्जात असतो, संध्याकाळचा चढतो, म्हणून मूळ रेकॉर्डिंग कोणत्या वेळी केलं ते लिहून ठेवा. इंटरफेसच्या बटणाचा फोटो काढून ठेवा. फरशीवर उभं राहायच्या जागेला रंगीत चिकटपट्टी लावा. नवं वाक्य बोलण्याआधी जुन्यातला अर्धा मिनिट हेडफोनवर ऐका, त्याच्याबरोबर दोन-तीन ओळी बोला, आणि लगेच टेक घ्या.